एक ओळ खाली

ऑफिसात तिला सगळे कानामात्रा म्हणत. अ‍ॅपच्या पडद्यावर जे जे शब्द दिसत ते ती लिहायची, आणि दुसऱ्याच्या लिहिण्यातला निसटलेला अनुस्वार तिला चार हातांवरून दिसायचा. नाव ठेवणाऱ्यांच्या चुकाही तीच दुरुस्त करत असल्यामुळे नाव कायमचं चिकटलं. तिची काही तक्रार नव्हती.

अ‍ॅप होतं गोळ्यांचं. ज्यांच्या हृदयात नवी झडप बसवलेली असते त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती रोज सारखी नसते. दर तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि त्यावरून दवाखाना तक्ता ठरवणार: आज अर्धी, उद्या एक, परवा पुन्हा अर्धी. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. रोजचा डोस अ‍ॅपमध्ये चित्र म्हणून यायचा. अर्धा रंगवलेला गोल म्हणजे अर्धी गोळी, पूर्ण रंगवलेला म्हणजे एक. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, म्हणून चित्रं. कल्पना चांगलीच होती. फक्त ज्याला गोलच दिसत नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न चार वर्षांत कोणाला पडला नव्हता.

मग कायदा आला. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात चालत नाहीत, त्यालाही वापरता येईल असं अ‍ॅप हवं, नाहीतर टाळं. कंपनीच्या साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी एक सल्लागार आणला, भिंतींवर ‘सगळ्यांसाठी, सगळ्यांसोबत’ असे फलक लागले आणि एका दुपारी सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधून चहा-बिस्किटं खाण्याचा कार्यक्रम झाला. अर्धा तास नुसता खिदळण्याचा गोंधळ. कोणाचा तरी चहा साहेबांच्या शर्टावर सांडला, त्याचे फोटो निघाले आणि साहेब म्हणाले, “आज आपल्याला अंधत्व म्हणजे काय ते कळलं.” कानामात्रा तेव्हा खाली बघत होती. तिची आत्या गेली नऊ वर्षं आंधळी होती आणि त्या नऊ वर्षांत तिने कोणाच्या शर्टावर चहा सांडलेला नव्हता.

आत्यानेच तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा कानामात्रा सहा वर्षांची होती. वडील फिरतीवर असायचे आणि आत्याने लग्नाचा विषय कधी काढला नाही, दुसऱ्यांना काढू दिला नाही. पुढे काचबिंदूने तिची नजर नेली, मग हृदयाची झडप गेली. नवी बसवली तेव्हापासून ती गोळी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि कोणी सोबतीचा विषय काढला की म्हणायची, “मला दिसत नाही, मी हरवलेली नाहीये.”

कायद्याच्या निमित्ताने अ‍ॅपला बोलतं करायचं ठरलं. म्हणजे फोनमधली बाई चित्राचं वर्णन वाचून दाखवणार, पण ते वर्णन आधी कोणीतरी लिहायला हवं. ते काम अर्थातच कानामात्राकडे आलं. दोनशे बारा चित्रं. एका रकान्यात चित्र, शेजारच्या रकान्यात तिचं वाक्य. तिने डोळ्यांत तेल घालून लिहिलं. ‘अर्धी गोळी.’ ‘एक गोळी.’ ‘दीड गोळी.’ ‘दोन गोळ्या.’ ‘आज गोळी नाही.’ अ‍ॅप बोलायला लागलं त्याच संध्याकाळी जाऊन तिने ते अ‍ॅप आत्याच्या फोनमध्ये घातलं. तोवर शेजारीण येऊन दवाखान्याचा कागद वाचून दाखवायची. फोन बोलला तेव्हा आत्याने तो कानाशी धरून तीनदा ऐकलं आणि म्हणाली, “बाई तीच गं, पण वाक्यं तुझी वाटतात.” इतका अभिमान कानामात्राला पगारवाढीच्या दिवशीही वाटला नव्हता.

“आत्याला एकदा ऑफिसात बोलावू या,” ती साहेबांना म्हणाली होती. “ती वापरून बघेल, काय अडतंय ते सांगेल.”

“कशाला त्यांना जिने चढायला लावता?” साहेब म्हणाले. “तपासणीचा प्रोग्राम शंभरपैकी शंभर देतोय की.”

तो प्रोग्राम प्रत्येक चित्राला वर्णन आहे की नाही तेवढंच बघायचा. वर्णन त्याच चित्राचं आहे का, हे बघायला त्याला डोळे कुठे होते? पण शंभर हा आकडा असा आहे की त्याच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. तिनेही उघडलं नाही.

तपासनीस बाई यायच्या दिवशी सकाळी नऊला आत्याचा फोन आला. कानामात्रा बूट घालत होती.

“दात घासताना तोंडाला खारट चव येते गं. दोन-तीन दिवस झाले.”

“ब्रश मऊ घे, आत्या. तुझा तो जुना झाडूसारखा झालाय.”

“आणि तुझ्या त्या फोनबाईनं डोस वाढवलाय. आधी एक दिवस अर्धी, एक दिवस एक होती. आता आठ-नऊ दिवस झाले, एक दिवस एक, एक दिवस दीड.”

“दवाखान्यानं तक्ता बदलला असेल. सोमवारी रक्त द्यायला जाशील तेव्हा विचार. मी पळते, आज ती तपासणी आहे.”

“पळ, पळ. माझं काय, मी आहेच.”

साडेअकराला बैठक सुरू झाली. लांब टेबल, टोकाला भिंतीवर मोठा पडदा. साहेब नव्या कोटात. त्यांच्या शेजारी तपासनीस बाई, पुढ्यात यादी आणि हातात पेन. प्रोग्रामर, ज्याला सगळे चष्मा म्हणत, कोपऱ्यात बसून नखं खात होता. वर्णनांचा तक्ता दाखवायचं काम कानामात्राचं. ती एकेक ओळ खाली सरकवायची, तपासनीस बाई मान डोलवायच्या आणि एक खूण करायच्या.

चाळीस ओळी झाल्या. एक्केचाळीसाव्या ओळीवर नवा बिल्ला आला: गोल करून उभी राहिलेली माणसं, खाली ‘समावेशक संस्था’. हा बिल्ला साहेबांनी नऊ दिवसांपूर्वी हट्टाने घालायला लावला होता, तोही डोसच्या पानावर, सगळ्यांत वर. तिनेच तो तक्त्यात मध्ये घुसवला होता.

बिल्ल्याच्या शेजारी लिहिलेलं होतं, ‘अर्धी गोळी.’

तिने ते वाचलं. मग खालची ओळ वाचली. अर्ध्या गोलाशेजारी ‘एक गोळी.’ पूर्ण गोलाशेजारी ‘दीड गोळी.’ तिने खुर्चीचा हात धरला. नऊ दिवसांपूर्वी बिल्ला घालताना तिने पूर्ण ओळ वाढवली नव्हती, फक्त चित्रांच्या रकान्यात एक घर वाढवलं होतं. सगळी चित्रं एक घर खाली गेली आणि वाक्यं जिथल्या तिथे राहिली. तळाला एक चित्र वर्णनाविना उरलं, प्रोग्रामने नव्याण्णव दाखवले, आणि तिने, स्वतः तिने, का उरलं हे न बघता तिथे ‘सजावट’ असं लिहून शंभर करून टाकले होते. त्या दिवशी तिला घरी जायची घाई होती.

डोळ्यांनी बघणाऱ्याला सगळं बरोबर होतं. चूक फक्त कानाने ऐकणाऱ्यांपुरती होती, आणि ऑफिसात कानाने ऐकणारं कोणी नव्हतं.

“पुढे?” तपासनीस बाई म्हणाल्या.

तिने पुढे सरकवलं. हे तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगता आलं नाही, पण खरं तेच आहे: तिने पुढे सरकवलं. दोन गोल, ‘आज गोळी नाही.’ खूण. मोकळा गोल, ‘पाण्याचा पेला.’ खूण. तपासनीस बाई यादी बघत होत्या, पडदा नाही. साहेब हसत होते. खारट चव. एक दिवस एक, एक दिवस दीड. आत्या नऊ दिवस जवळजवळ दुप्पट गोळी घेत होती. आणि आज एक वाजता पुन्हा घेणार होती, कारण आत्या घड्याळाच्या काट्याला चुकणारी बाई नव्हती.

टेबलाखाली तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. आत्या दुसऱ्या घंटीला फोन उचलायची, फोन तिच्या गळ्यातच असायचा. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही.

“वर्णनं सरकलीत,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “एक्केचाळीसपासून खाली सगळी. चित्र एक आहे आणि फोन दुसरंच सांगतोय.”

“काय आहे, आमच्या बाई सकाळपासून उपाशी आहेत,” साहेब तपासनीस बाईंना हसत म्हणाले. मग तिच्याकडे वळून हळूच, “कानामात्राबाई, आपण नंतर बघू.”

“नंतर नाही. अर्धी घ्यायची तिथे माणसं एक घेतायत. दोन घ्यायच्या तिथे एकही नाही. नऊ दिवस झाले. माझी आत्या फोन उचलत नाहीये.”

तपासनीस बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून पडदा नीट पाहिला. पेन हातात तसंच राहिलं. चष्म्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि पुटपुटला, “मेलो.” साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला, कारण ते सकाळपासून तिथे होतं.

“तू जा,” चष्मा म्हणाला. “मी आवाज बंद करायचं बघतो. जा तू.”

टॅक्सीत बसेपर्यंत बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने शेजारणीला फोन लावला, ती गावाला गेलेली. खालच्या दुकानदाराचा नंबर तिच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत तो घ्यायला हवा होता, हे आत्ता सुचत होतं. प्रत्येक चौकात लाल दिवा. ड्रायव्हर शांत माणूस होता, तो म्हणाला, “ताई, पोचू आपण,” आणि तिला त्या माणसाच्या शांतपणाचाही राग आला. ती दर मिनिटाला फोन लावत होती. डोक्यात आकडे फिरत होते. नऊ दिवसांत साडेसहा गोळ्या घ्यायच्या, घेतल्या अकरा. तिने पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेवढ्याच.

दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा एकला पाच मिनिटं होती. किल्ली तिच्याकडे होती, तिने कुलूप उघडलं.

“आत्या!”

बाहेरच्या खोलीत टेबलावर एक वाटी. वाटीत एक अख्खी गोळी आणि शेजारी अर्धी, नीट मोडलेली. आत्या सकाळीच काढून ठेवायची. फोन खिडकीशी चार्जिंगला लावलेला, त्यावर तिच्याच नावाचे चाळीसच्या वर मिस्ड कॉल.

“आत्या!”

“इथे आहे गं. ओरडू नकोस. बाथरूममध्ये.”

आत्या स्टुलावर बसली होती, डोकं पुढे झुकवून, नाकाशी टॉवेल. टॉवेल पांढरा होता हे फक्त एका कोपऱ्यावरून कळत होतं. फरशीवर थेंबांची रांग दारापासून स्टुलापर्यंत आली होती.

“तास झाला असेल,” आत्या म्हणाली. “थांबतच नाहीये. फोनपर्यंत जावं म्हटलं, पण खाली ओलं लागलं पायाला. घसरले तर कोण उचलणार, म्हणून बसून राहिले. तू येशील असं वाटलंच नव्हतं, तुझी तर तपासणी ना?”

कानामात्राने आत्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत निळे-जांभळे डाग. दुसऱ्या हातावरही. मानेवर एक, जिथे फोनची दोरी घासायची. दिसणाऱ्या माणसाने हे डाग पहिल्याच दिवशी पाहिले असते आणि दवाखाना गाठला असता. आत्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. कानामात्रा त्या नऊ दिवसांत एकदाही आली नव्हती.

“दुखतंय का?”

“नाही. का? काय आहे तिथे?”

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. स्पष्ट, गोड, अजिबात घाई नसलेला. “एक वाजला. आजचा डोस. दीड गोळी.” थोडं थांबून पुन्हा, “दीड गोळी.”

“आण गं वाटी,” आत्या म्हणाली.

कानामात्राने वाटी उचलली आणि गोळ्या बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. मग ती रडली. रडत रडतच तिने आत्याला शाल गुंडाळली आणि दुसऱ्या हाताने गाडी बोलावली.

दवाखान्यात पुढचा सव्वा तास कसा गेला ते तिला कळलं नाही. रक्त घेतलं, नाकात कापूस भरला, रक्त गोठायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

“नाकातून आलं हे नशीब समजा,” त्या म्हणाल्या. “तिथे दिसतं तरी. हेच डोक्यात झालं असतं तर कळलंही नसतं. आज दीड घेतली असती तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. डोस कोणी बदलला? आमच्याकडे तर जुनाच तक्ता आहे.”

“मी बदलला,” कानामात्रा म्हणाली.

आत्या पलंगावर पडून ऐकत होती. डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने चाचपून भाचीचं मनगट धरलं. कानामात्राने सगळं सांगितलं, बिल्ला, ओळ, नव्याण्णवाचे शंभर. काही झाकलं नाही. वाटलं होतं आत्या चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

“मला चौथ्या दिवशीच शंका आली होती,” आत्या म्हणाली. नाकात कापूस असल्यामुळे आवाज घोगरा येत होता. “अंगात जीव नसल्यासारखं वाटायचं. म्हटलं, गोळी जास्त तर होत नाहीये? दवाखान्याला विचारावं. मग म्हटलं, हे आपल्या पोरीनं लिहिलंय. ती कधी चुकत नाही. आणि घेतली.”

“बरं, माझं राहू दे,” आत्या म्हणाली. “बाकीच्यांचं काय? माझ्यासारखे किती आहेत?”

तेव्हाच चष्म्याचा फोन आला. वर्णनांचा तक्ता दुरुस्त केला होता, पण नवं अ‍ॅप सगळ्या लोकांच्या फोनवर पोचायला दोन दिवस लागणार. जुन्याचा आवाज इथून बंद करता येत नव्हता, ती सोय कोणी ठेवलीच नव्हती. बोलतं अ‍ॅप वापरणारे त्रेपन्न जण होते. त्यांची यादी त्याने पाठवली होती.

“पण काळजी करू नकोस,” तो म्हणाला. “साहेबांनी वकिलाला विचारून तातडीची सूचना काढलीय. तपासनीस बाई समोरच बसल्यात. आत्ताच सगळ्यांना गेली. मोठ्या अक्षरांत, लाल रंगात. बघ, आली असेल.”

उशाशी ठेवलेला आत्याचा फोन वाजला. दोघींनी कान दिले. फोनमधली बाई म्हणाली, “एक नवीन फोटो.”

पुढे काही नाही. आत्याने बोट फिरवून पुन्हा ऐकलं.

“एक नवीन फोटो.”

“कसला फोटो गं?” आत्याने विचारलं.

कानामात्राने पडदा बघितला. लाल चौकोन, वर बिल्ला, खाली साहेबांची सही, आणि मध्ये ठळक पांढऱ्या अक्षरांत: डोस ऐकून गोळी घेऊ नका. वाक्याचं वाक्य चित्रात कोरलेलं. त्याला वर्णन लिहायला आज ऑफिसात कोणी नव्हतं.

“अरे, तो फोटो आहे,” ती फोनमध्ये म्हणाली. “त्रेपन्न जणांच्या फोननं आत्ता सांगितलंय की फोटो आलाय. एवढंच. साधं लिहून पाठव. लगेच. मी फोन करायला घेते.”

अर्ध्या लोकांचा डोस संध्याकाळचा होता आणि अर्ध्यांचा दुपारचा. आता अडीच वाजले होते. ती यादी घेऊन पलंगाच्या कडेला बसली. आत्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पहिला नंबर लागला. तीन घंट्यांनंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रसन्न आवाज आला. तिने आपण कोण, कुठून बोलतो ते सांगितलं आणि विचारलं, “काका, आजची गोळी घेतलीत का?”

“घेतली की! एक वाजता. तुमचं अ‍ॅप फार छान आहे हो, आता कोणाचं तोंड बघावं लागत नाही. दोन सांगितल्या, दोन घेतल्या.” मग जरा थांबून, “का हो?”